पाठीवरून पंप उतरला

देवानंद खरात सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा. सातवीनंतर मी कुंभार पिंपळगावच्या हायस्कुलात गेलो आणि तो काकासाहेब तौरांच्या शेतात. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. त्याचे वडील भिवा काकासाहेबांकडंच सालगडी होते, त्यांची कंबर धरली होती, बापाच्या जागी लेक उभा राहिला, एवढंच.

जालना जिल्हा नवा झाला त्या वर्षाची, एक्याऐंशी सालची ही गोष्ट. त्याच वर्षी काकासाहेबांनी संकरित कापूस लावला. आमच्या गावाला गावरान कापसाची सवय होती. बुटकं झाड, बारीक बोंड, पण धडधाकट. हा नवा कापूस छातीइतका वाढला, त्याला हिरवीगार रसरशीत पानं आली आणि अळीनं जणू जेवणाचं आवतण मिळाल्यासारखी गर्दी केली. मग काकासाहेबांनी जालन्याहून पितळी टाकीचा फवारणीचा पंप आणला. पाणी भरलं की तो असा जड व्हायचा, की दोन गड्यांनी पाठीवर घेऊन पाहिला आणि उतरवून ठेवला. देवानंदनं पट्टे खांद्यात अडकवले आणि तो दोन ओळींमधल्या तासानं सरळ चालत गेला. परत आला तेव्हा काकासाहेब म्हणाले, "बराबर मारलं की रे. आजपासून हे काम तुझं."

ते काम पुढं वीस वर्षं त्याच्याकडं राहिलं.

डावा हात दांडा खालीवर करायचा, उजव्या हातात नळी असायची. वारा ज्या अंगानं यायचा त्या अंगाला पाठ करून चालायचं, नाही तर सगळं औषध तोंडावर. तोंडाला रुमाल, अंगात जुना सदरा, पायात काहीच नाही, कारण काळ्या चिखलात चप्पल राहत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत औषधाला अशी धार होती, की फवारा पडला की अळ्या टपाटप खाली पडायच्या. काकासाहेब बांधावर उभे राहून लहान मुलासारखे खूष व्हायचे. हळूहळू सगळं गाव संकरित कापूस लावू लागलं आणि देवानंदला तौरांच्या बाहेरूनही बोलावणी येऊ लागली. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तो कुठल्या ना कुठल्या शेतात असायचा. लोक त्याला 'फवारेवाला' म्हणू लागले.

काकासाहेब त्याच्याशी प्रेमानं बोलायचे. त्याच्यासाठी चहा यायचा, पण ज्या कपातून यायचा तो कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा, पालथा ठेवलेला असायचा. पिऊन झालं की देवानंद तो स्वतः धुऊन परत पालथा ठेवायचा. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल कधी बोललं नाही.

त्याला बायको भोकरदनकडची मिळाली, केदारखेड्याची. बेबीनंदा. अंगानं लहानखुरी, पण बोलायला कुणाला हार जाणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिनं घराचा कायदा केला. फवारणीहून आला की त्यानं दारातून आत यायचं नाही. घराच्या मागं दगडावर अंघोळ करायची, कपडे बोरीच्या झुडपावर टाकायचे आणि मगच आत यायचं. तरी त्याच्या अंगाचा वास जायचा नाही. घामातूनच यायचा तो.

"आमच्या घरात मुंगी बी फिरकत न्हाई," ती शेजारणीला हसून सांगायची. "धनीच असा भेटलाय."

लेक उषा झाली तेव्हा भर फवारणीचे दिवस होते. देवानंद ओट्यावर बसून तिच्याकडं लांबूनच बघायचा. दिवाळी झाली, कामं संपली, दोनदा चांगलं घासून अंघोळ झाली, तेव्हा कुठं बेबीनंदानं लेकरू त्याच्या मांडीवर दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता माणसावाणी वास येऊन राह्यला."

एकीकडं अळी हट्टाला पेटत चालली होती. जे औषध आधी एका झाकणात काम करायचं त्याला दोन झाकणं लागू लागली, मग दोन औषधं एकत्र, मग तीन. अळ्या खाली पडायच्या, थोडा वेळ मेल्यासारख्या पडून राहायच्या आणि ऊन उतरलं की परत झाडावर चढायच्या. देवानंदनं हे काकासाहेबांना दाखवलं. काकासाहेबांनी एक अळी बोटावर घेऊन उलटीपालटी केली. "मंग काय करावं म्हणतो?" त्यांनी विचारलं. उत्तर औषधाच्या दुकानदाराकडं असायचं, तो आणखी एक बाटली द्यायचा.

सत्त्याण्णव साली हिरव्या अळीनं कहर केला. पात्या म्हणजे कोवळ्या कळ्या, फुलं, बोंडं, काहीच सोडलं नाही. बोंड वरून चांगलं दिसायचं आणि उलटं केलं की त्याला शिसपेन्सिल जाईल असं भोक. एक शेत मारून होईस्तोवर पहिल्या शेतात परत अळी. देवानंद दिवसभर पंप उतरवत नव्हता. आश्विनातलं ऊन, वारा पडलेला, आणि झाडं त्याच्या डोक्याइतकी उंच. त्या दाटीत फवारा बाहेर जायचाच नाही, त्याच्याच भोवती धुक्यासारखा तरंगत राहायचा.

तौरांच्या वरच्या शेतात वेचणीच्या बायका होत्या. त्यातल्या मालनबाईला दिसलं, की देवानंद तासाच्या मधेच थांबलाय आणि आकाशाकडं बघतोय. मग तो गुडघ्यावर बसला आणि पंपासकट आडवा झाला. बायका ओरडत धावल्या. त्याच्या तोंडातून फेस येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि सगळं अंग घामानं निथळत होतं.

काकासाहेबांनी ट्रॅक्टर काढला. पिंपळगावच्या डॉक्टरांनी एक सुई देऊन "जल्दी जालन्याला न्या" म्हणून सांगितलं. तिथून जीप केली. खराब रस्ता होता, देवानंदचं डोकं आपटू नये म्हणून काकासाहेबांनी ते स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर फेस आणि ओकारी सांडत होती आणि ते त्याला सारखे म्हणत होते, "देवा, झोपू नको. देवा, इकडं बघ." बेबीनंदा समोरच्या फळीवर बसून होती. तिनं मला नंतर सांगितलं, की ती त्या सगळ्या रस्त्यात रडली नाही, कारण काकासाहेबांएवढा मोठा माणूस रडताना तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

दवाखान्यात सुयांवर सुया दिल्या. त्या सुयांनी त्याचं तोंड कोरडं पडलं आणि तो भ्रमात गेला. खाटेवर पडल्या पडल्या त्याचा डावा हात खालीवर, खालीवर चालत राहिला. त्याची आई चांगुणाबाई तो हात धरून ठेवायची, सोडला की परत सुरू. चौथ्या दिवशी हात थांबला आणि त्यानं पाणी मागितलं.

डॉक्टर बजावून गेले, की पुन्हा हे काम नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर काकासाहेब त्याला बघायला आले, बेबीनंदानं केलेला चहा त्यांनी तिथंच ओट्यावर बसून घेतला. त्यानंतर तौरांच्या कोनाड्यातला पालथा कप मला दिसला नाही. फुटला, की कुणी उचलून आत ठेवला, माहीत नाही.

त्या वर्षी देवानंद घरी बसला. गावातल्या वेचणीवर घर चालेना, म्हणून बेबीनंदा बाहेरगावी कामाला जाऊ लागली. आमच्या जिल्ह्यात बियाणं तयार करायची शेतं पुष्कळ. तिथं फुलांचं 'क्रॉसिंग' करायला बायका लागायच्या, म्हणजे एका जातीच्या फुलाचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर हातानं लावायचा. मालनबाई गावातून बायकांची टोळी घेऊन जीपनं जायची. बेबीनंदा तिच्यात सामील झाली. आधी मिरची, मग टोमॅटो, मग कापूस. बोटं बारीक आणि चपळ, तिला ते जमलं.

पुढच्या श्रावणात लोक परत देवानंदच्या दारात आले. "जास्त न्हाई, एवढं एकच वावर." त्यानं नाही म्हणून पाहिलं, मग हो म्हणाला. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि बायकोच्या मजुरीवर बसून खायची त्याला लाज वाटत होती. बेबीनंदानं भांडण केलं नाही. ती फक्त त्याच्याशी बोलायची बंद झाली, फवारणी संपेपर्यंत. कामाचं बोलणं उषामार्फत. "तुझ्या बापाला म्हणावं भाकर खाऊन घ्या." समोर बसलेला बाप म्हणायचा, "तुझ्या मायला म्हणावं घेतो." असे तीन-चार हंगाम गेले.

मग दोन हजार दोन साल आलं. काकासाहेब आता थकले होते आणि शेती त्यांचा मुलगा रामकिसन बघत होता. रामकिसन आमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, नव्याची हौस असलेला. तो जालन्याहून सरकीची एक नवीन पिशवी घेऊन आला. बीटी.

दुकानदारानं त्याला समजावलं होतं, ते त्यानं पारावर सगळ्यांना समजावलं. मातीत एक बारीक जंतू असतो. त्याच्यातला एक गुण काढून शास्त्रज्ञांनी कापसाच्या बियात घातलाय. आता झाडाच्या पानापानात, बोंडाबोंडात तो गुण येतो. अळीनं चावा घेतला, की तिचं पोट बिघडतं, खाणं बंद होतं आणि ती मरते. माणसाला, गुराला काही होत नाही, असं कंपनी सांगते.

"म्हंजे औषध झाडाच्या आतच?" कुणीतरी विचारलं.

"आतच."

देवानंद कडेला उभा होता. तो हसला. "अळी काय पिशवीवरचं वाचून येती का, रामकिसनदादा? म्या वीस वर्षं तिच्या मागं हिंडून राह्यलो. ती कशाला बी भीक घालत न्हाई."

"लावून तं पाहू," रामकिसन म्हणाला.

मोठ्या पिशवीबरोबर एक छोटी पुडी होती साध्या सरकीची. ती बीटीच्या भोवतीनं, कडेच्या ओळींत लावायची होती. कशासाठी, तर अळ्यांसाठी. सगळ्याच अळ्यांना बीटी खायला लागलं, तर त्यातून एखादी न मरणारी जात तयार होईल. म्हणून थोडं साधं रान त्यांना खुलं ठेवायचं. म्हातारे काकासाहेब बाजेवरून म्हणाले, "पैसे घालून अळ्या पाळायच्या, हे मी पहिल्यांदा ऐकतोय." पण रामकिसननं पहिल्या वर्षी सगळं सांगितल्याप्रमाणं केलं, कडेच्या ओळीसुद्धा लावल्या. पुढच्या वर्षांत आमच्या गावात ती पुडी बहुतेकांनी उकिरड्यावर टाकली, ते वेगळं.

भाद्रपद आला. शेजारच्या वावरांत देवानंदचं काम सुरू झालं होतं. रामकिसनकडून बोलावणं आलं नाही. त्याला वाटलं, रामकिसनदादा रागावला काय आपल्या बोलण्यावर. एक दिवस सकाळी तोच त्या वावरात गेला.

आधी कडेच्या ओळी लागल्या. तिथं नेहमीचंच. पात्या गळालेल्या, बोंडांना भोकं, आत हिरव्या अळ्या निवांत बसलेल्या. तो त्या ओलांडून आत शिरला आणि सवयीनं बोंडं उलटी करून बघू लागला. बोंड साबूत. दुसरं साबूत. एका फुलात त्याला अळी सापडली, तांदळाच्या दाण्याएवढी, काळी पडून पाकळीला चिकटलेली. बोटानं ढकलली तर तशीच वाळल्यासारखी गळून पडली. तो तासानं पुढं गेला, परत फिरला, दुसरा तास धरला. पाठीवर काही नसताना कापसाच्या तासातून चालायची त्याला सवय नव्हती. तो मला म्हणाला होता, "सारखं वाटून राह्यलं, की काहीतरी घरी इसरून आलोय."

मग तो बांधावर येऊन बसला. रामकिसन आला तेव्हा तो तिथंच होता.

"काय रं देवा? काय दिसलं?"

"न्हाई दादा. काहीच न्हाई दिसलं."

"मंग?"

"मंग काय. तेच सांगून राह्यलो. काहीच न्हाई."

रामकिसन शेजारी बसला. देवानंदला आनंद झाला होता, हे खरं. आणि आता आपलं काम गेलं हे कळलं होतं, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी होतं आणि त्याला कुठलं आधी सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या साली समदं गावच लावल हे."

तसंच झालं. दोन वर्षांत गावात साधी सरकी शोधून सापडेना. रस शोषणाऱ्या बारीक किड्यांसाठी एक-दोन फवारे लागायचे, ते लोक आपापले मारून घेऊ लागले. फवारेवाल्याची गरज संपली. पंप घराच्या मागं बोरीखाली पडून राहिला. कोंबड्या त्यावर बसू लागल्या. बेबीनंदा त्या श्रावणात त्याच्याशी बोलत होती, आणि बोलायची इतकी सवय गेलेली, की पहिले काही दिवस दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

चांगुणाबाईच्या शेळ्यांचा एक प्रश्न निघाला. वेचणी संपली की कापसाच्या वावरात शेळ्या सोडायची आमच्याकडं रीत. पण बीटीचा पाला खाऊन तेलंगणात मेंढ्या मेल्या, अशी बातमी पिंपळगावच्या बाजारात आली. गाव घाबरलं. म्हातारी म्हणाली, "अळी मरती तं शेळी कामून मरणार न्हाई?" हे बिनतोड होतं. देवानंदनं एक म्हातारी भाकड शेळी तेवढी वावरात बांधली आणि तिच्यावर नजर ठेवून बसला. शेळी खाऊन खाऊन सुजल्यासारखी टम्म झाली, रवंथ करत बसली आणि पुढं कैक दिवस जगली. आमच्या गावात त्या पाल्यानं कुणाचं जनावर गेलं नाही. दुसरीकडं काय झालं, ते आम्हाला ठाऊक नाही.

पण काम काय करायचं? देवानंद जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात हमालीला गेला. भट्टीजवळच्या धुरात त्याचा दम पुरेना, महिन्याभरात परत आला. विहीर खोदायच्या टोळीत गेला, तिथंही छाती भरून यायची. आल्यावर ओट्यावर बसून राहायचा. तेव्हा बेबीनंदा एका संध्याकाळी म्हणाली, "माझ्यासंगं चला उद्या. क्रॉसिंगला."

"ते बायांचं काम."

"फुलाला कुठं कळतं बाई हाय का गडी."

त्या साली रामकिसननंच बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला होता. बीटीची मागणी वाढली तशी कंपन्यांना बियाणं जास्त लागत होतं आणि हात कमी पडत होते. मालनबाईनं देवानंदला टोळीत घेतलं, पण बायका पदराआड हसत होत्या.

काम वरून सोपं दिसतं. दुपार कलली की मादी ओळीतल्या, म्हणजे ज्या झाडांवर बी धरायचं त्यांच्या, उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याच्या नखानं कळी सोलून पाकळ्या आणि आतले पिवळे केसर अलगद काढून टाकायचे. मधली नाजूक काडी तेवढी राहू द्यायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतली ताजी फुलं तोडून आणायची, टोपी काढायची, पराग त्या काडीवर हलक्या हातानं फिरवायचा, आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. देवानंदनं पहिल्या दिवशी ज्या कळ्यांना हात लावला त्यांच्या काड्या मोडल्या. वीस वर्षं पंपाचा दांडा धरून त्याची बोटं लाकडासारखी झाली होती.

"हळू," बेबीनंदा म्हणाली. "नरडं धरल्यावाणी कामून धरता?"

"मला न्हाई जमत."

"मला बी न्हाई जमलं पहिल्यांदा. मालनबाईनं माझ्या हातावर चापट हाणली व्हती. तुमाला मी हाणू का?"

बायका खो-खो हसल्या, तोही हसला. तिनं त्याचा हात धरून दोन-चार कळ्या सोलवून घेतल्या. आठवडाभरानं त्याच्या काड्या मोडायच्या थांबल्या. तिच्याइतका वेग त्याला कधीच आला नाही. ती दोन ओळी संपवायची तेव्हा त्याची एक व्हायची. मग ती उरलेल्या वेळात त्याच्या ओळीला समोरच्या टोकानं लागायची आणि दोघं मध्ये भेटायचे.

प्लॉट चांगला आला होता आणि नेमके रस शोषणारे तुडतुडे पडले. पानं कडेनं लाल होऊन वळू लागली. रामकिसन संध्याकाळी देवानंदच्या घरी आला. आता त्याच्याकडं इंजिनावर चालणारा नवा पंप होता.

"देवा, उद्या पहाटं मारून घे. बाया नऊला येतील, तोवर होऊन जाईल."

देवानंद उत्तर द्यायच्या आधी आत भांडं आपटल्याचा आवाज आला आणि बेबीनंदा दारात आली.

"बाया नऊला येतील," ती म्हणाली, "आन ओल्या फुलात हात घालतील. मंग त्याच हातानं भाकर खातील."

"वैनी, हात धुवायला पाणी ठिवतो की."

"पाणी." ती नवऱ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी वीस वर्षं मारून जायचे. सकाळी आमी त्याच वावरात वेचाय जायचो. दुपारी हाताला कंड सुटायची, डोळे चुरचुरायचे. एकदा बी इचारलं का, की वावरात मागून कोण येऊन राह्यलं?"

देवानंदला पाठीमागचं कधी दिसलंच नव्हतं. तासात पुढं बघत चालायचं, मागं फवारा पडत राहायचा, मागं वळून बघायचं कामच नव्हतं. रामकिसनला हे सगळं दुसऱ्याच्या घरातलं वाटून तो उठायला लागला, तेव्हा देवानंद म्हणाला, "थांबा, दादा. मी पंप घेणार न्हाई. ह्या डावाला न्हाई आन पुढं बी न्हाई."

"अरे, मंग प्लॉट जाईल."

"जाणार न्हाई. आर्धा उद्या मारा, आर्धा चार दिसानं. ज्या आर्ध्यात मारलं, त्यात दोन दिवस कुणी जायचं न्हाई. बाया दुसऱ्या आर्ध्यात काम करतील."

"आन त्या आर्ध्यातली दोन दिसांची फुलं? ती काय थांबणारेत?"

"ती जातील."

रामकिसन चिडला. फुलं जाणं म्हणजे बी जाणं. तो कंपनीच्या माणसाचं नाव घेऊन बोलला, हिशेब सांगितला, मग उठून निघून गेला. देवानंदला वाटलं, प्लॉटमधलं काम गेलं. रात्रभर दोघं नवरा-बायको जागेच होते.

सकाळी रामकिसन स्वतः पाठीला पंप लावून वावरात उभा होता. त्यानं जन्मात कधी फवारा मारला नव्हता. इंजिन सुरू झालं, आणि तो नेमका वाऱ्याच्या तोंडाला चालू लागला. देवानंद बांधावरून ओरडला, "दादा, पाठ फिरवा! पाठ वाऱ्याला द्या!" मग तो बांधाबांधानं त्याच्याबरोबर चालत राहिला, इकडून या, तिकडून जा, तोंडाचा रुमाल वर घ्या, असं सांगत. अर्धा प्लॉट मारून रामकिसन घरी गेला, तर त्याची बायको शिवकन्या त्याला दारात अडवून उभी. "हा वास घेऊन घरात येऊ नका." त्यानं गोठ्यात अंघोळ केली. संध्याकाळी तो पारावर आला तेव्हा देवानंदला बघून म्हणाला, "लेका, तू हे वीस वर्षं केलं?"

देवानंद म्हणाला, "व्हय."

अर्ध्या-अर्ध्याची ती रीत त्या प्लॉटवर पुढंही राहिली. मालनबाईची टोळी आता प्लॉट धरताना आधीच तेवढं बोलून घेते. सगळेच ऐकतात असं नाही. जे ऐकत नाहीत त्यांच्याकडं ती जात नाही, आणि हात कमी असल्यामुळं हळूहळू ऐकणारे वाढले.

दोन हजार नऊच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. मी आता जालन्यात मास्तर आहे. देवानंद प्लॉटवरून नुकताच आला होता, अंगठ्याचं नख वाढलेलं, त्यात पिवळा पराग. उषा अंबडला नर्सिंगच्या शाळेत होती, सुट्टीला घरी आली होती आणि आजीच्या पायाला तेल लावत होती. काकासाहेब जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना खांदा द्यायला देवानंद पुढं गेला तेव्हा रामकिसननंच जागा करून दिली, असं मला कुणीतरी सांगितलं.

शहरात तेव्हा बीटीवर खूप बोललं जायचं. कुणी म्हणे देशाचं भलं झालं, कुणी म्हणे बियाणं कंपन्यांच्या हातात गेलं, दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. मी देवानंदला विचारलं, "तुझं काय मत?"

"मला काय इचारतो, मास्तर." तो पाय पसरून भिंतीला टेकला. "बियाचं म्हणशील तं खरंय, घरची सरकी आता कुणी ठिवत न्हाई. आन अळीचं म्हणशील तं ती बी शिकल. ती साळंत जात न्हाई, पण शिकती. आमच्या औषधाला शिकली, ह्याला बी शिकल एक दिवस. लोकं कडंच्या ओळी लावत न्हाईत, मी सांगून थकलो."

"मग वाईट झालं म्हणतोस?"

"कुठं म्हणलो?" तो थोडा थांबला. "माझ्यापुरतं सांगतो. बीटी आलं त्याच्या दुसऱ्या साली मी पहिल्यांदा भाद्रपदात घरी व्हतो. बैलपोळा झाला, तरी घरीच. संध्याकाळी हिनं मुगाची शेंग उकडली व्हती. अंगणातून वास आला. मी इतक्या वर्षांत तो वास कधी घेतलाच नव्हता रे. त्या महिन्यात माझ्या नाकात दुसरं काहीच नसायचं."

"आता बोलतच बसणार का?" आतून बेबीनंदा म्हणाली. "मास्तरला चहा द्यायचाय. दूध आणा मालनबाईकडून."

देवानंद उठला, पितळी लोटा घेतला आणि दूध आणायला गेला.